डीकनची न्याहारी

"परत काढ," डॉ. केसलर म्हणाल्या.

मार्लाने आलेख परत काढला. बीगल जातीचा तो कुत्रा कापडी झोळीच्या भोकांतून चारही पाय खाली सोडून निवांत लोंबकळत होता. पायांना लावलेल्या चिमट्यांचं त्याला काही वाटत नव्हतं. ईसीजीच्या यंत्राची सुई खरखरली आणि गुलाबी चौकटींचा कागद सरकत बाहेर आला. मार्लाने तो टेबलावर सपाट केला. कर्कटकाचं एक टोक तिने ठोका सुरू होतो तिथे टेकवलं, दुसरं हृदय पुन्हा सैल पडतं तिथे, आणि कर्कटक तसंच धरून शेजारच्या कुत्र्याच्या कागदावर नेलं. दुसरं टोक रेघेच्या बरंच पुढे, मोकळ्या जागेत जाऊन पडलं.

"यंत्र?"

"सकाळी तपासलं. बाकीच्या कुत्र्यांचं ठीक येतंय."

"चिमटे?"

"बदलून पाहिले, डॉक्टर."

"मग कुत्र्यातच काहीतरी आहे," केसलर म्हणाल्या, "नाहीतर माणसांत."

चष्म्याच्या वरून त्यांनी मार्लाकडे पाहिलं आणि कागद घेऊन त्या निघून गेल्या. तो कागद त्या कुठे ठेवतात ते पाहून घ्यावं असं मार्लाला वाटलं. आदल्याच दिवशी तिने त्यांना फोनवर बोलताना ऐकलं होतं: "एकच कुत्रा वेगळा वागतोय. गरज पडली तर त्याला मोजणीतून काढता येईल."

औषध मलेरियावरचं होतं. त्याला अजून नाव नव्हतं, नुसता आकडा होता. सैन्याला ते हवं होतं, आणि सैन्याच्या मागून उष्ण मुलखातली कितीतरी माणसं ते घेणार होती. ह्या घराण्यातली काही जुनी औषधं हृदयाशी खोडसाळपणा करतात हे साऱ्यांना ठाऊक होतं. ठोका पडल्यावर हृदय सैल व्हायला फार वेळ घेऊ लागलं, तर पुढचा ठोका त्या फटीत सापडतो आणि चालता प्राणी जागच्या जागी कोसळतो. म्हणून आधी कुत्रे. मेरीलँडच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या प्रयोगशाळेत रोज सकाळी त्यांना उपाशीपोटी कॅप्सूल दिली जायची आणि दुपारी मार्ला त्यांचे आलेख काढायची. एक सोडून साऱ्यांचे आलेख साळसूद होते.

त्या एकाच्या कानात आकडा गोंदलेला होता. पण मार्लाचे वडील एमरी डिलॉटर त्याला डीकन म्हणायचे. रविवारी चर्चमध्ये वर्गणीची थाळी फिरवणाऱ्या म्हाताऱ्या डीकनसारखं त्याचं तोंड होतं, गंभीर आणि थोडं नाराज. कुत्र्यांना नावं द्यायला बंदी होती. एमरी तरुणपणापासून तिथे कुत्र्यांचे पिंजरे धूत, पाणी भरत, कान पुसत आला होता, आणि ही बंदी त्याने एकदाही पाळली नव्हती. मार्लाला नोकरी लागली ती त्याच्याच शब्दावर. बायको गेल्यापासून तो घरी झोपायचा तेवढंच. राहायचा तो कुत्र्यांच्या ओळीत. येत्या वसंतात त्याला निवृत्त करणार होते आणि तो विषय काढला की तो उठून जायचा.

जेवणाच्या खोलीत त्या दिवशी कर्टिस भेटला. बुटांचा कारखाना बंद पडल्यावर तो इथे आला होता. सकाळच्या कॅप्सूल तो द्यायचा.

"तुझा डीकन बघ कसा शहाण्यासारखा गिळतो आता," तो सँडविच चावत एमरीला म्हणाला. "पहिल्या आठवड्यात माझ्या बुटावर थुंकायचा. आता जबडा उघडला की आत. हात लागतो त्याला, हात. माझी बायकोसुद्धा माझ्या हातून गोळी घेत नाही."

"बायकोला अक्कल आहे," एमरी म्हणाला.

"जळतोस, म्हाताऱ्या."

"तुझ्यावर? तुझ्या बुटावर थुंकला तेव्हाच मला तो आवडला."

कर्टिस हसला. मार्लाही हसली, पण मनातल्या मनात ती एक गोष्ट परतून पाहत होती. डीकन गिळायला लागला तो कधी, आणि त्याची रेघ लांबायला लागली ती कधी? दोन्ही साधारण एकाच सुमाराला.

आठवड्याने रक्ताचा तपास आला. डीकनच्या रक्तात ते औषध इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त होतं. केसलरनी मार्लाला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"याला कोणीतरी जास्त देतंय. कसं, ते मला सांग. तू इथे माझ्याही आधीपासून आहेस."

मार्लाला सांगायचं नव्हतं, निदान नंतर तिने स्वतःला तसं समजावलं. ती एवढंच म्हणाली की एखादी कॅप्सूल फुटली तर म्हणून एक जादा डबा कपाटात असतो, आणि त्या कपाटाला कुलूप नसतं.

दुपारी कर्टिसला विचारलं. त्याने लपवलं नाही. सुरुवातीला कुत्रा थुंकायचा तेव्हा एकदोनदा डब्यातून दुसरी दिली, म्हणाला. सगळेच देतात. केसलरनी त्याला चौकशी संपेपर्यंत घरी बसायला सांगितलं.

गाड्या लावतात त्या मैदानात तो मार्लाच्या गाडीला टेकून उभा होता.

"डब्याचं तू सांगितलंस?"

"डबा कुठे असतो एवढंच सांगितलं."

"हां. म्हणजे तूच." त्याने जेवणाचा डबा या हातातून त्या हातात घेतला. "मला वाटलं म्हातारा माझ्यावर खार खाऊन असेल. तू असशील असं नव्हतं वाटलं. तुझ्या घरी चुलीवर काय शिजतं ते मी कधी कुणाला विचारलंय का?"

तो चालत गेला. त्याची गाडी दुरुस्तीला होती हे मार्लाला माहीत होतं. घरी सोडते, असं तिच्या ओठांवर आलं, पण ती गाडीत बसून राहिली.

कर्टिसच्या जागी दुसऱ्या विभागातला एकजण आला. तो अतिशय काटेकोर होता. जादा डबा केसलरच्या कपाटात, कुलपात गेला. आता रेघ जागेवर येईल म्हणून मार्ला रोज दुपारी कागद पाहायची. रेघ तसूभर मागे सरकली नाही.

मग मार्लाला सगळ्यांचाच संशय यायला लागला. नवा माणूस फार कमी बोलायचा, तोच संशय. पशुवैद्य डीकनच्या छातीला कान लावून "जन्मतःच असेल" म्हणाला, तेव्हा हे त्याला कोणी म्हणायला लावलं असा संशय. केसलर दुपारी उशिरापर्यंत दार लावून बसायच्या. जन्मतः दोष आहे असं ठरलं की कुत्रा मोजणीतून बाद, आणि बाकीचा अहवाल धुतल्यासारखा स्वच्छ. औषध मागवणाऱ्यांचा माणूस महिनाअखेर येणार होता. त्याला स्वच्छ अहवालच आवडला असता.

सगळ्यांचा संशय आला. एकाच माणसाचा आला नाही, आणि तो का आला नाही हे तिने स्वतःला विचारलं नाही.

गुरुवारी दुपारी ती डीकनच्या पायाला चिमटा लावायला वाकली, आणि त्याच वेळी त्याने तिच्या तोंडासमोर मोठी जांभई दिली. तिने श्वास आत घेतला होता.

मिरी आणि मसाल्यात घालतात ती सेजची पानं. आणि त्याखाली डुकराच्या चरबीचा खमंग, जड वास. मार्ला तशीच वाकून राहिली. हा वास तिच्या लहानपणाच्या प्रत्येक सकाळीला होता. शाळेच्या दप्तराला, आईच्या एप्रनला, वडिलांच्या सदऱ्याला.

त्या दुपारी तिने आलेख काढला, मापला, जिथे ठेवायचा तिथे ठेवला आणि कोणाशी काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती वडिलांच्या घरी गेली. मागचं दार नेहमीप्रमाणे नुसतं लोटलेलं होतं. एमरी चुलीपाशी उभा राहून स्क्रॅपल तळत होता. डुकराचं उरलंसुरलं मांस आणि चरबी मक्याच्या पिठात शिजवून थापलेली ती राखाडी वडी, बाहेरच्यांना पाहवत नाही आणि तिथल्या माणसांचा तिच्यावाचून दिवस उगवत नाही. कडा कुरकुरीत होईपर्यंत त्याने काप तव्यावर दाबून धरले होते. टेबलावर मेणकागदाचा एक चौकोन कापून ठेवलेला होता.

"तुझ्यासाठी अजून एक टाकू?"

"तो कागद कशाला, पॉप?"

"अकराच्या सुमारास भूक लागते मला."

"तुला?"

त्याने काप उलटला. तेल तडतडलं.

"डीकनच्या तोंडाला वास येतो," मार्ला म्हणाली.

एमरीने चूल बारीक केली. तो वळला नाही.

"एवढासा देतो. अंगठ्याएवढा. उपाशीपोटी ती गोळी ढोसायची म्हणजे काय. पिवळं पाणी ओकायचा बिचारा. मग त्याला भीती बसली, तोंड उघडेना, आणि कर्टिस जबडा दाबून धरायचा. माझ्याने बघवेना."

"कधी देतोस?"

"कर्टिस यायच्या आधी. तेवढा खाल्ला की शांतपणे गिळतो."

"रोज?"

"रोज. रविवारी दोन."

"रिकाम्या पोटी द्यायचं म्हणून दारावर लिहिलंय."

"दारावर बरंच काय काय लिहिलेलं असतं. नावं देऊ नका म्हणूनही लिहिलंय."

मार्लाने खुर्ची ओढली. समोरची खुर्ची आईची होती, तिच्यावर आता जुनी वर्तमानपत्रं रचलेली होती.

"आईला त्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या होत्या, आठवतं? डॉक्टर म्हणाला होता, लोण्याबरोबर घ्या, नाहीतर अंगी लागणार नाहीत."

"आठवतं."

"हे औषधही तसलंच असेल. बाकीच्या कुत्र्यांच्या पोटातून नुसतं निघून जात असेल. डीकनच्या अंगी लागतंय."

एमरीने तवा बाजूला उतरवला. तिला वाटलं तो चिडेल, नाही म्हणेल. तो उलथनं हातात धरून उभा राहिला.

"म्हणजे मीच," तो म्हणाला.

"मला नक्की माहीत नाही, पॉप."

"त्याला बरं वाटावं म्हणून देत होतो. म्हणजे मीच."

बाहेर शेजाऱ्याने गाडी सुरू केली. मग मार्ला बोलायला लागली, आणि आपला आवाज इतका समजूतदार कसा येतोय याचं तिला नवल वाटलं. "आजपासून बंद कर. हळूहळू रेघ जागेवर येईल. जन्मतःच दोष होता म्हणून त्याला मोजणीतून काढतील. केसलरची तीच तयारी चाललीय. वसंतापर्यंत तुझे तू कुत्रे सांभाळ. कोणाला कळायची गरज नाही."

"आणि कर्टिस?"

"त्याला दुसरीकडे मिळेल काहीतरी."

एमरीने तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. अनोळखी माणूस दारात उभा राहिला की पाहतात तसं.

"बरं झालं तुझी आई नाही," तो म्हणाला.

त्याने काप ताटात काढले, ताट फडक्याने झाकलं आणि न खाता टोपी घेतली. मेणकागदाचा चौकोन टेबलावरच राहिला. गाडीत तो फक्त एकदा बोलला. "मला कुत्र्यांत ठेवणार नाहीत आता."  त्या ओळीत शिरताना सगळे कुत्रे जाळीशी उभे राहायचे, तो आवाज ऐकायला मिळाला नाही तर हा माणूस सकाळी उठून करणार काय, हे दोघांनाही ठाऊक होतं.

केसलरच्या खोलीत तो टोपी हातात धरून उभा राहिला. त्याने बसायला नकार दिला. मार्ला दारात थांबली. ऐकून घेतलेलं इथे दाबून टाकतील, अशी तिची खात्री होती, आणि तसं झालं तर साक्षीला कोणीतरी हवं होतं.

एमरीने थोडक्यात सांगितलं. केसलर बॉस्टनकडच्या होत्या, त्यांनी स्क्रॅपल कधी खाल्लं नव्हतं.

"स्क्रॅपल म्हणजे नेमकं काय असतं, एमरी?"

"ते विचारायचं नसतं, डॉक्टर. खायचं असतं."

"चरबी असते?"

"चरबीच असते. बाकी नावाला."

केसलरनी पेन खाली ठेवलं. 

"मलेरियाची गोळी माणसं कशाबरोबर घेतात?" त्यांनी विचारलं.

एमरीला वाटलं ही परीक्षा आहे. "असेल त्याच्याबरोबर," तो म्हणाला. "ताटात जे असेल."

"तेच. आणि आपण साऱ्या कुत्र्यांना उपाशी ठेवून त्यांचं हृदय ठणठणीत आहे म्हणत होतो." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मी त्याला मोजणीतून काढणार होते. पत्र टंकून तयार आहे."

त्यांनी ते कागदांच्या चवडीतून ओढून काढलं आणि फाडलं. मार्लाने ते फाटताना पाहिलं. तरीही त्याची दुसरी प्रत कुठे असेल, हा विचार तिच्या डोक्यात आलाच.

"तुम्ही केलंत त्याबद्दल तुम्हाला इथून हलवायला हवं," केसलर म्हणाल्या, "आणि कदाचित तुमचे आभारही मानायला हवेत. दोन्ही एका दिवशी मला जमणार नाही. आज पहिलं करते. सोमवारपासून तळघरात, पिंजरे धुवायला. कुत्र्यांच्या ओळीत यायचं नाही."

"कर्टिसला बोलवाल ना?"

"आजच बोलावते."

"आणि डीकन?"

केसलरनी चष्मा पुन्हा लावला. "सगळं पुन्हा करावं लागेल. नवे कुत्रे, मोजलेली चरबी, रोज. डीकन मात्र सहा आठवडे ते औषध अंगी लावून बसलाय. असा दुसरा नाही. त्याचं हृदय पाहावं लागेल."

"कागदावर पाहताच की."

"आतून, एमरी."

एमरीने टोपी कडेला धरून बोटांत पूर्ण एक फेरा फिरवली.

"धरायला मी येईन," तो म्हणाला.

तिथली रीत तशी होती. शेवटचं इंजेक्शन देताना ज्याने खाऊ घातलं त्यानेच कुत्र्याला धरायचं. ती कुठे लिहिलेली नव्हती. परक्या हातात कुत्रा थरथरतो, एवढंच कारण. केसलर नाही म्हणू शकत होत्या. त्या म्हणाल्या, "बुधवारी सकाळी."

कर्टिस परत आला. नव्या कुत्र्यांना कॅप्सूलच्या आधी डुकराच्या चरबीचा एक मापाचा चमचा देणं हे आता त्याचं काम झालं. तो मार्लाशी पुढे कधी कामापलीकडे बोलला नाही. नव्या कुत्र्यांच्या रेघा दुसऱ्या आठवड्यातच लांबायला लागल्या. अहवाल गेला. पुढे त्याचं काय झालं, औषध निघालं की दुसऱ्या नावाने निघालं, हे मार्लाला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी तिने विश्वास ठेवला नसता, एवढं खरं. औषधाच्या प्रत्येक डबीतला घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद ती अजूनही उलगडून शेवटपर्यंत वाचते.

एमरीने वसंतापर्यंत तळघरात पिंजरे धुतले. निवृत्तीनंतरही तो बरीच वर्षं जगला. शेवटी दवाखान्यात परिचारिकेने त्याच्या छातीला चकत्या चिकटवल्या आणि यंत्रातून कागद सरकू लागला, तेव्हा मार्लाने मुद्दाम खिडकीकडे तोंड केलं.

"कशी आहे रेघ?" त्याने विचारलं.

"मी कुत्र्यांच्याच वाचते, पॉप."

तो हसला. थोड्या वेळाने म्हणाला, "खिशाला वास राहिला होता." त्या बुधवारबद्दल तो बोलला ते एवढंच.

त्या बुधवारी सकाळी तो इस्त्रीचा सदरा घालून आला होता. ओळीत शिरताच सगळे कुत्रे जाळीशी उभे राहिले. त्याने कोणाकडेही पाहिलं नाही. डीकनला त्याने पट्ट्याशिवायच नेलं, कुत्रा आपला मागोमाग चालत आला. शेवटच्या खोलीत केसलर आणि पशुवैद्य थांबले होते. मार्ला दाराशी आली, पण आत गेली नाही.

एमरीने कुत्र्याला टेबलावर घेतलं आणि त्याच्या छातीखालून हात घातला. डीकनने नेहमीसारखं तोंड वर केलं आणि सदऱ्याचा खिसा हुंगला. मग पुन्हा हुंगला आणि नाराज चेहऱ्याने वाट पाहू लागला.

"आज काही नाही," एमरी म्हणाला.

कुत्र्याला ते पटलं नाही. त्याने नाक खिशात खुपसलं. तेव्हा एमरीने मोकळ्या हाताने तो खिसा उलटा करून बाहेर ओढला, त्याला नीट दिसावं म्हणून. पांढरं अस्तर, कोपऱ्यात एक जुना तेलकट डाग.

डीकन तो डाग चाटू लागला. पशुवैद्याने सुई पुढे आणली तेव्हाही तो चाटत होता.

नंतर एमरी ओळीतून परत गेला, सगळ्या जाळ्यांसमोरून, सावकाश. खिसा तसाच बाहेर लोंबत होता आणि त्याने तो आत घातला नाही.